चारशेसात

तिला आम्ही नाव असं कधी ठेवलंच नाही. आरे कॉलनीतल्या आमच्या तबेल्यावर सगळे तिला ‘चारशेसात’ म्हणत, आणि तेवढं पुरे. मॉडेल १९९२चं. आखूड नाक, रंग उडालेला निळा हौदा, उजव्या दाराला बिजागरीऐवजी सवयीचा आधार. इंजिन अर्धं नाकाखाली आणि अर्धं केबिनमध्ये, गाडी चालवणाऱ्या मामांच्या डाव्या मांडीशी. त्यामुळे इंजिनाला ताप आला की तो आधी मामांना कळे.

१९८६ साली टेल्कोने चारशेसात पहिल्यांदा पुण्यात काढली, तेव्हा सुमंत मुळगावकर अध्यक्ष होते. जपानी कंपन्यांशी करार करून आलेल्या हलक्या ट्रकांशी तिचा सामना होता. टोयोटा, मित्सुबिशी, माझदा, निसान अशी एकेक नावं. त्यांच्यासमोर ही जाड हाडाची देशी गाडी टिकली, आणि का टिकली ते आरेच्या चढावर हिरव्या गवताचे भारे भरून पहिल्या गिअरमध्ये जाताना कळायचं. चार सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास ९७ मिलिमीटर, म्हणून इंजिनाचं नाव ४९७. टर्बो नाही. जे काही ओढायचं ते स्वतःच्या छातीवर.

१९४९ पासून दारा खुरोडींच्या पुढाकाराने शहरातल्या दाटीतल्या म्हशी इथे हलवल्या गेल्या, तेव्हापासून इथला दिवस पहाटे तीनला सुरू होतो. चारशेसातचाही तसाच. थंडीत तिचा पहिला खोकला अख्ख्या तबेल्याला जागं करी. एक ढेकर, पांढरा धूर, मग पिस्टनची मोकळी टपटप. पाच मिनिटांत अंग तापलं की ती टपटप आपोआप बसे. मामा म्हणत, “म्हातारीचे सांधे आहेत. ऊब मिळाली की गप्प.” थंडीत वाजणारा आणि ऊब मिळताच शमणारा आवाज त्यांना कधी भिववायचा नाही. उलट जो आवाज गाडी तापल्यावर वाढतो, त्याची भीती.

तिचं मीटर कधीचं बंद. चालू असतं तरी खोटंच बोललं असतं, कारण दिवसाला पंचवीस किलोमीटर जाणारी गाडी तासन्‌तास उभ्याने आणि पहिल्या गिअरमध्ये चाले. म्हणून मामा ऑइल दर तिसऱ्या अमावास्येला बदलत. लिंबू-मिरची बांधायची आणि ऑइल बदलायचं, दोन्ही एकाच दिवशी. गाडी आधी गोरेगावच्या चेकनाक्यापर्यंत फिरवून आणायची, कारण ऑइल गरम असलं की गाळही त्याच्याबरोबर बाहेर येतो. चेंबरखाली पत्र्याचं घमेलं. ड्रेनच्या नटाला दर वेळी नवा तांब्याचा वॉशर. नवा फिल्टर बसवण्याआधी त्यात काठोकाठ ऑइल ओतायचं. मग स्टॉपर ओढून धरायचा आणि प्रेशरचा दिवा विझेपर्यंत सेल्फ मारायचा, म्हणजे बेअरिंगांना कोरड्या तोंडाने पहिला ठोका बसत नाही. तीन दिवसांत नवं ऑइल काळं होई. मला वाईट वाटे. “काळं झालं म्हणजे कामाला लागलं,” मामा सांगत. डिझेलची काजळी ऑइलने आपल्या अंगावर घ्यायचीच असते. ती घेतली नाही, तर इंजिनाच्या अंगावर बसते.

घमेल्यातलं जुनं ऑइल ते कॅनमध्ये भरून भंगारवाल्याला देत. थेंबही जमिनीवर सांडू देत नसत. ओशिवरा नदीचा उगम याच टेकड्यांत आहे. आपल्या तबेल्यामागचा ओहोळ कुठे जातो हे त्यांना ठाऊक होतं, आणि मला ते त्यांनी घमेल्याशी बसून शिकवलं.

२६ जुलै २००५ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. आमच्याकडे त्या रात्री चारशेसातच्या अर्ध्या चाकांपर्यंत पाणी होतं. मामांनी तिला सुरू केलं नाही, हात लावला नाही. ऑगस्टमध्ये ठोका सुरू झाला. टक्, टक्, जड, धातूचा. चढावर जास्त. गाडी तापल्यावर आणखी जास्त.

ज्याने त्याने एकच सांगितलं: पाणी शिरलं. एका गॅरेजवाल्याने तर दुरून ऐकूनच रॉड वाकल्याचं ठरवलं आणि पूर्ण इंजिनकामाचा आकडा सांगितला. एवढे पैसे तबेल्याकडे नव्हते. मामांनी मरोळच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींना आणलं.

मिस्त्रींनी पहिल्यांदा ऑइलची स्टिक ओढली. ऑइलमध्ये पाणी असतं तर ते दुधाळ झालं असतं. आमचं होतं काळंच. पण पातळी खुणेच्या वर गेली होती.

“मामा, वरून टाकलंत?”

“नाही हो मिस्त्री. महिनाभर थेंब टाकला नाही.”

जुन्या इंजिनाचं ऑइल कमी होतं, वाढत नाही. मिस्त्रींनी दोन बोटांत घासून पाहिलं, हुंगलं आणि स्टिक माझ्या नाकाशी धरली. डिझेलचा वास. मग त्यांनी लाकडी मुठीचा लांब स्क्रू ड्रायव्हर काढला, टोक इंजिनावर आणि मूठ कानावर ठेवली. टॅपेटच्या झाकणावर हलकी टिकटिक; ती वयाची. क्रँक दोनदा फिरतो तेव्हा कॅम एकदा, म्हणून टॅपेटचा ताल नेहमी निम्मा. ठोक्याचाही ताल तोच, पण तो हलका नव्हता, जड होता.

नंतर एकेका नोझलच्या पाइपाचा नट ढिला केला. पहिला: गाडी अडखळली, ठोका तसाच. दुसरा: तसाच. तिसरा ढिला करताच ठोका गेला. पूर्ण गेला. नुसतं बेअरिंग असतं तर तो दबला असता, असा पुसला गेला नसता. तिसरं नोझल काढून टेस्टरवर लावलं. फवाऱ्याचं धुकं पडायला हवं, तिथे टोकाशी थेंब लोंबत होता. डिझेल धड जळत नव्हतं, अवेळी भडकून ठोका देत होतं, आणि उरलेलं लायनर धूत खाली चेंबरमध्ये उतरत होतं. त्यानेच ऑइल पातळ केलं होतं.

पण मिस्त्री तिथे थांबले नाहीत, आणि मला ते फार मोठं वाटतं. नोझल बदलून पैसे घेऊन ते जाऊ शकले असते. त्यांनी जुना फिल्टर हॅक्सॉने कापला, घड्या वर्तमानपत्रावर उलगडल्या आणि उन्हात तिरप्या धरल्या. बारीक चमक होती. चेंबर उतरवला. तिसऱ्या रॉडच्या बेअरिंगचा राखाडी थर एका जागी नखाएवढा गेला होता, खालचं तांबं दिसत होतं. आणखी आठवडाभर भारे ओढले असते, तर क्रँकच गेला असता. पातळ ऑइल घेऊन ती महिनाभर चढ चढली होती, आणि तोंडाने जेवढं सांगता येईल तेवढं सांगत होती.

नवा बेअरिंग सेट, नोझल, फिल्टर, ताजं ऑइल. तिसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा तोच खोकला, तीच टपटप, पाच मिनिटांनी तीच शांतता. मामा स्टिअरिंगवर हात ठेवून बराच वेळ नुसते बसून राहिले.

पुढे दोन वर्षांनी ती मुरबाडकडच्या एका वीटभट्टीवाल्याने घेतली. न्यायला पोरसवदा ड्रायव्हर आला होता. मामांनी त्याला चावी दिली, स्टिक पुसायचं फडकं दिलं, आणि नाकाच्या झाकणावर हात ठेवून म्हणाले, “पोरा, रोज सकाळी स्टिक बघ. वर चढलेली दिसली, तर तिसऱ्या नंबरला कान लाव.”