दमणच्या किनाऱ्यावर दोन रात्री

बारडोलीतील आम्हा पाच कुटुंबांनी यंदा दमणला जाण्याचे ठरविले, तेव्हा पहिला प्रश्न पैशाचा होता आणि दुसरा दारूचा. गुजरातेत दारूबंदी आहे. हद्द ओलांडताच दुकानेच दुकाने. पुष्कळ मंडळी तेवढ्यासाठीच तिकडे जातात. आमच्या स्त्रियांनी निक्षून सांगितले, वर्गणीतील एक पैही बाटलीवर खर्च होणार असेल तर आम्ही येत नाही. पुरुषांनी कुरकुरत का होईना, ते मान्य केले.

सुरतेहून रेल्वेने वापी व तेथून मोटारीने दमण. जांपोरच्या किनाऱ्याजवळ सर्वांत मिळून एक घर भाड्याने घेतले. तांदूळ, डाळ, मसाला घरूनच नेला होता. मासळी तेवढी तेथे घेतली. देवक्याला खडक फार, म्हणून मुलांना जांपोरच बरे. ओहोटीला पाणी इतके मागे सरते की, समुद्र कोठे गेला, असे मुले विचारू लागली! भरतीची वेळ मात्र कोळ्यांना विचारूनच पाण्यात उतरावे.

पोर्तुगीजांनी १५५९ साली घेतलेले दमण १९६१ च्या डिसेंबरात मुक्त झाले. मोटी दमणच्या किल्ल्यातील बों जेजूस हे ख्रिस्तमंदिर १६०३ चे. त्याच्या कोरीव वेदीपुढून आमच्यातील एक सुतारबंधू बराच वेळ हलेचना. रविवारची मिस्सा आम्ही तेथेच ऐकली.

परतताना नाक्यावर पोलिसांनी पिशव्या तपासल्या. निघाले ते सुके बोंबील आणि मुलांचे ओले कपडे. वर्गणीतून उरलेल्या पैशांनी पुढील सालचा डबा सुरू झाला असून त्याची किल्ली स्त्रियांकडे आहे.