सहा मार्क

शनिवारी सकाळी घोडेगावहून ताईचा फोन. "अरे, गणितात गेला रे तुझा भाचा. बाकी सगळ्यात पास. हे म्हणतात, बास झालं शिक्षण, शेतीत लक्ष घालू दे."

भाचा फोनवर यायलाच तयार नाही.

आता या विषयातला मी सिनियर! मार्च १९९९ ला दहावीत मी गणितात सहा मार्कांनी उडालो होतो. शेजारच्या वस्तीवरचा माझा मित्रही गणितातच. तेव्हा फेरपरीक्षा थेट ऑक्टोबरला, म्हणजे वर्ष गेलंच. एका सरांनी मला बाजूला घेऊन फॉर्म भरायला लावला. मी भरला आणि मित्राला बोललो नाही. लाज वाटत होती. परत नापास झालो तर निदान कुणाला कळू नये, असंही वाटत होतं. त्याला कळलं तोवर तारीख उलटून गेली होती. त्याच्या घरी मग 'पुढच्या वर्षी बघू' झालं. पुढच्या वर्षी शेतात टोमॅटो होते.

मी ऑक्टोबरला सुटलो. मग पुण्यात डिप्लोमा, नंतर इंजिनिअरिंगला थेट दुसऱ्या वर्षात. त्या सहा मार्कांबद्दल ॲडमिशनला कुणीच विचारलं नाही. पुढे एका इंटरव्ह्यूत एचआरवाल्याने विचारलं, हा एक वर्षाचा गॅप कसला? म्हटलं, गणिताचा. तो हसला आणि विषय संपला.

असो. ताईला जे सांगितलं ते इथेही लिहून ठेवतो, गावाकडून असा फोन तुम्हालाही येऊ शकतो. दहावीची फेरपरीक्षा २०१५ मध्ये जुलैत आणली, हल्ली ती जून-जुलैत होते. पास झालं तर वर्ष वाचतं. एक-दोन विषय राहिले तरी एटीकेटीवर अकरावीला तात्पुरता प्रवेश मिळतो, फक्त बारावीला जायच्या आत ते विषय सोडवायचे. २०२५ पासून अकरावीचे प्रवेश अख्ख्या राज्यात ऑनलाइन झालेत, त्यामुळे तालुक्याच्या कॉलेजलाही तारखा सांभाळाव्या लागतात. डिप्लोमाला दहावी पास आणि किमान ३५ टक्के लागतात. सरकारी पॉलिटेक्निक तर आपल्याच आंबेगाव तालुक्यात, अवसरी खुर्दला आहे.

फटका बसतच नाही असं नाही. चांगल्या कॉलेजच्या जागा पहिल्या फेऱ्यांतच भरतात, मागून येणाऱ्याला उरलेल्यातून निवडावं लागतं. पण दार बंद होत नाही. बंद होतं ते फॉर्मची तारीख चुकली की.

मित्र मागच्या दिवाळीत जुन्नरकडे जाताना नारायणगावच्या मार्केटला भेटला. स्वतःचा पिकअप आहे, बरं चाललंय. चहा पिताना म्हणाला, "तू हुशारच होतास रे पहिल्यापासून." मी कप खाली ठेवला. फॉर्मचं मात्र अजूनही सांगितलं नाही.

शेवटी भाचा फोनवर आला.

"मामा, फॉर्म कुठे भरायचा?"

"शाळेतच. सोमवारी जा. वर्गातले अजून किती राहिलेत?"

"तिघं."

"मग एकटा जाऊ नकोस. त्यांच्या घरी आजच जाऊन सांग."