जमाना-ए-हाल

चालणे आमच्यासाठी हौसेचे कधीच नव्हते. शाळा, रेशनचे दुकान, दवाखाना, बसथांबा यांसाठी आम्ही रोज चालतोच. पण बायकांनी कामाशिवाय घराबाहेर पाऊल टाकले की 'कुठं निघालात?' हा प्रश्न ठरलेला. म्हणून डिसेंबर २०१९ मध्ये आम्ही चौघी शिक्षिकांनी माहुलहून माहीमच्या दर्ग्यापर्यंत पायी जायचे ठरवले, तेव्हा घरच्यांनी विचारले, "मन्नत कसली?" मन्नत नव्हती. आमच्यातली एक माहुल सोडून दुसरीकडे भाड्याच्या घरात राहायला जाणार होती. त्याआधी एक दिवस एकत्र घालवायचा, एवढेच मनात होते.

माहुल म्हणजे काय, हे वाचकांना थोडे सांगायला हवे. मूळचे हे कोळ्यांचे गाव. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला १९५० च्या दशकापासून उभे असलेले तेलशुद्धीकरण कारखाने. तानसा जलवाहिनीच्या कडेची घरे पाडल्यावर तिथली हजारो कुटुंबे इथल्या इमारतींत आणून बसवली गेली. इथली हवा रहिवाशांच्या आरोग्याला धोकादायक असल्याचे राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ साली मान्य केले होते. पुढे रहिवाशांनी आंदोलन केले आणि २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यांना दुसरीकडे राहण्यासाठी दरमहा १५,००० रुपये भाडे देण्याचा आदेश दिला. त्यामुळे आमच्या वस्तीत दोनच विषय असत. पूर्वी आपण कुठे राहत होतो आणि इथून कधी सुटणार.

हे वर्गातही दिसते. उर्दू व्याकरणात काळ तीन. माजी, हाल आणि मुस्तकबिल. मुलांना वाक्ये करायला सांगितली की भूतकाळाचे वाक्य झटकन येते, "हम पाइपलाइन के पास रहते थे." भविष्यकाळाचे त्याहून झटकन, "हम यहाँ से चले जाएँगे." वर्तमानकाळाशी मात्र मुले अडतात. पेन्सिल चावत बसतात. हाल हा अरबी शब्द. उर्दूत तो वर्तमानकाळासाठी वापरतात, मराठीत त्याचा अर्थ यातना. माहुलच्या मुलांना बहुधा दोन्ही भाषा एकदम समजतात.

फजरची नमाज आटोपून आम्ही निघालो. हवेत नेहमीचा उग्र वास होता. ओहोटी लागली होती आणि खाडीच्या चिखलात रोहित पक्षी उतरले होते. दर हिवाळ्यात ते येतात आणि मे महिन्याच्या सुमारास परततात. आमच्यात वयाने मोठ्या असलेल्या आपांनी निघतानाच ताकीद दिली, "आज नए घर की बात कोई नहीं करेगा." सर्वांनी मान डोलावली. तरी चेंबूर येईपर्यंत आमचे मन काही जागेवर नव्हते. किती किलोमीटर राहिले, जोहरपर्यंत पोहोचू का, परतताना बस मिळेल का! मोनोरेलच्या खांबांखालून चालताना कुणीतरी खांबच मोजू लागली. बारा-तेरा किलोमीटरचे अंतर आम्ही पायांनी कमी आणि तोंडाने जास्त चालत होतो.

चेंबूरला चहा प्यायला थांबलो. तिथे आपांनी वारीची गोष्ट काढली. आळंदीहून पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर. एवढे अंतर वारकरी डोक्यावर घेऊन चालत नाहीत, पुढच्या विसाव्यापर्यंतच चालतात. तुकोबांची पालखी देहूतून निघते तेव्हा तिचा पहिला विसावा अनगडशहा बाबांच्या दर्ग्यापाशी असतो. ही गोष्ट आम्हाला फार आवडली. आम्हीही माहीम मनातून काढून टाकले. आता पुढचा विसावा चुनाभट्टी. त्यापलीकडचा रस्ता आपला नव्हेच, असे ठरवले.

आणि खरोखर फरक पडला. आतापर्यंत न दिसलेल्या गोष्टी दिसू लागल्या. वाळत घातलेल्या दुपट्ट्यातून येणारे ऊन, पावाच्या लाद्या सायकलवरून नेणारा मुलगा, आपल्याच चपलांचा एका लयीतला आवाज. जी जाणार होती ती एकाएकी म्हणाली, "इतने साल में इस रास्ते को आज देखा."

चुनाभट्टीला सोमय्या मैदानाजवळ आम्ही आपोआप गप्प झालो. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून निघालेले हजारो शेतकरी सुमारे १८० किलोमीटर चालून ११ तारखेला याच मैदानात थांबले होते. सकाळी निघाले असते तर रस्ते बंद होऊन दहावीच्या मुलांची परीक्षा चुकली असती. म्हणून थकलेले असूनही ते रात्रीच उठून आझाद मैदानाकडे चालू लागले. वाटेत लोकांनी त्यांना पाणी दिले, खायला दिले. तळपायाची साल निघालेल्या पावलांची छायाचित्रे आपण सर्वांनी पाहिली आहेत. त्या परीक्षार्थींत उर्दू माध्यमाच्याही मुली होत्या. अशा पावलांना 'चालण्याचा आनंद घ्या' असे सांगणे हा क्रूरपणा ठरेल. ज्याला कधीही परत फिरता येते त्यालाच चालण्याची मौज असते, हे आम्ही विसरता कामा नये. पण त्या रात्री दुसऱ्यांची झोपलेली मुले त्यांच्या ध्यानात राहिली. उद्याच्या मागणीत ते इतके बुडाले नव्हते की समोरचा क्षण दिसू नये.

शीव मागे टाकून धारावीत शिरलो. ९० फुटी रस्त्यावर कुंभारवाड्यात एक वयस्कर कुंभार चाकावर मडके घडवत होते. आम्ही उभ्या राहिलो. ओल्या मातीवर अंगठा टेकला की कड उमलायची. पाच मिनिटे गेली की वीस, सांगता येणार नाही. घड्याळ कुणीच पाहिले नाही. सगळी मुंबई आमच्या बाजूने धावत होती आणि आमच्यापुढे फक्त एक मडके होते.

माहीमला पोहोचलो तेव्हा जोहरची अजान होत होती. मखदूम अली माहिमी हे चौदाव्या-पंधराव्या शतकातले मोठे विद्वान, कुरआनचे भाष्यकार. पण लोकांच्या तोंडी त्यांची वेगळीच गोष्ट आहे. रात्री आईने पाणी मागितले. ते घेऊन येईपर्यंत तिला झोप लागली. मुलगा पेला हातात धरून सकाळपर्यंत तसाच उभा राहिला. आई जागी होईल त्या क्षणी पाणी हजर हवे, एवढाच त्याचा विचार. आपांनी ही गोष्ट शेकडो वेळा वर्गात सांगितली असेल. त्या दिवशी दर्ग्याच्या आवारात पाय चोळत बसल्यावर त्या म्हणाल्या, "हाल में ठहरना इसी को कहते होंगे."

कुणी म्हणेल, हे सारे सब्रचे पाठ गरिबांनाच का? आमचे म्हणणे तसे नाही. आहे त्या क्षणाची चव घेणे म्हणजे हाल सोसत बसणे नव्हे. स्वच्छ हवेसाठी न्यायालयापर्यंत गेलेली माणसे आणि खाडीवर पक्षी पाहायला थांबणारी माणसे एकाच वस्तीतली आहेत. हक्क मागताना आयुष्य मात्र पुढे ढकलायचे नसते. तीनच महिन्यांनी टाळेबंदी आली, रस्ते ओस पडले, चौघींची भेट फोनवर येऊन ठेपली. तो डिसेंबरचा दिवस आम्ही 'नंतर कधीतरी' म्हणून ठेवला असता, तर तो गेलाच होता.

आता आम्ही काळ शिकवताना क्रम बदलला आहे. आधी हाल, मग बाकीचे. खिडकीबाहेर पाहा आणि जे चालले आहे तेच लिहा, असे सांगतो. परवा एका मुलीने लिहिले, "खाड़ी में पानी आ रहा है और मेरी सहेली हँस रही है." वाक्य अचूक होते. आम्ही त्याखाली शाबास लिहिले.