पेणची मावशी आणि रोह्याची पुतळ्यांची माळ

भगिनींनो, पेण म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे गणपती उभा राहतो आणि त्यापाठोपाठ पोह्यांचे पापड. मीही यंदा तेवढ्यासाठीच गेले होते. पण पेणहून रोह्याला जाऊन परतले, ती सोन्याच्या नाण्यांचा एक धडा पदरी बांधून. तो तुम्हांला सांगितल्यावाचून राहवत नाही.

पेणला माझी मावशी असते. मूर्ती ठरवायला आम्ही दोघी शेजारच्या कारखान्यात गेलो. रंगकाम जोरात चाललं होतं. कारागिराने माझ्या दोन्ही हातांत एकाच उंचीच्या दोन मूर्ती दिल्या. दोघींचे मुकुट सारखेच सोनेरी. “ताई, आता डोळे मिटून सांगा, शाडूची कोणती?” जड होती ती शाडूची, हलकी ती प्लास्टरची. तो हसून म्हणाला, “रंग कशालाही चढवता येतो, वजन नाही चढवता येत!”

मी हसले, मावशीचा चेहरा मात्र उतरला. घरी येताच तिने तांदळाच्या डब्यातून एक पुरचुंडी काढली. आत सात पिवळी नाणी होती. वर्षापूर्वी भरदुपारी एक जोडपं दारी आलं. रस्त्याच्या कामावर खणताना शिवराई होनांचा हंडा सापडला, पोरीचं लग्न अडलंय, स्वस्तात देतो, असं रडगाणं. नमुन्याचं एक नाणं त्यांनी आधी तपासायला दिलं. पेढीवर ते चोख सोन्याचं ठरलं. मग मावशीने हातातल्या पाटल्या उतरवून दिल्या आणि ही सात घेतली. सातही पितळेची! “अगं, महाराजांचा होन देव्हाऱ्यात येतोय, असं वाटलं मला. तुझ्या काकांना अजून सांगितलेलं नाही.”

भगिनींनो, खरी मेख त्या नमुन्यात असते. नमुना अस्सल, बाकीचा माल नकली. शिवराई होन म्हणजे १६७४ साली रायगडावर राज्याभिषेक झाला तेव्हाचं सोन्याचं नाणं. एका बाजूस ‘श्री राजा शिव’, दुसरीकडे ‘छत्रपति’, वजन पावणेतीन ग्रॅमच्या आसपास. खरे होन इतके दुर्मिळ, की ते संग्रहालयांत आणि मोजक्या संग्राहकांकडेच पाहायला मिळतात. नकला मात्र पैशाला पासरी! आणि समजा, हंडा खरोखरच सापडला, तरी १८७८ च्या कायद्याप्रमाणे तो कलेक्टरला कळवावा लागतो. परस्पर विकणारा चोर आणि घेणाराही अडचणीत.

दुसऱ्या दिवशी मावशीला घेऊन रोह्याची गाडी धरली. वाटेत कासू स्टेशन लागलं. दक्षिणेत नाण्यालाच कासू म्हणतात! मी हे सांगितलं तेव्हा मावशी प्रथमच हसली. मग नागोठणे, निडी आणि शेवटी कुंडलिकेकाठचं रोहा. इथे मध्य रेल्वे संपते आणि कोकण रेल्वे सुरू होते. आधी ग्रामदैवत धावीर महाराजांचं दर्शन घेतलं. दसऱ्यानंतर निघणाऱ्या त्यांच्या पालखीला पोलीस मानवंदना देतात. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, १९४३ साली झालेले चिंतामणराव देशमुख, ह्याच रोह्याचे. नाण्याची पारख शिकायला याहून चांगलं गाव कुठलं!

आमच्या वन्सं रोह्याला असतात. त्यांच्याकडे आजेसासूबाईंची पुतळ्यांची माळ आणि एक गिनी आहे. दोन्ही घेऊन त्यांच्या जुन्या सोनारकाकांकडे गेलो. माळ पाहून ते म्हणाले, “पुतळी मूळची व्हेनिसची, साडेतीन ग्रॅमची. तिथला राजा संतापुढे गुडघे टेकून बसलाय, तीच ही ‘पुतळी’. ह्यातल्या काही इकडच्या सोनारांनी पाडल्यात. ही अक्षरं बघा, नुसत्या रेघा झाल्यात.” वन्सं घाबरल्या, “म्हणजे खोट्या?” त्यांनी कसोटीवर एकेक ओढून तेजाब लावलं. रेघ तशीच राहिली. “नाणं नकलेचं, सोनं खरं. वहिनी, मोडू नका हो कधी!”

मग त्यांनी बारीक काट्यावर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्यावर आणला आणि गिनी दोऱ्याने पाण्यात सोडली, तळाला न टेकवता. गिनी आठ ग्रॅमची. काटा अर्ध्या ग्रॅमच्याही खाली थांबला. तेवढ्याच वजनाचं पितळ असतं, तर जवळजवळ दुप्पट दाखवलं असतं, कारण हलका धातू जास्त जागा खातो. मावशीच्या नाण्यांनी काय दाखवलं, ते सांगायला नकोच.

तेव्हा एवढं ध्यानात ठेवा. चुंबकावर विसंबू नका. तो पितळेलाही चिकटत नाही. गिनीची कड पाहा, दाते सारखे हवेत. मुंबईच्या टांकसाळीत १९१८ साली पाडलेल्या गिनीवर घोड्याखालच्या जमिनीच्या रेघेवर बारीकसा ‘आय’ असतो. वजन आणि पाणी, दोन्ही पारखून घ्या. वरचा मुलामा जाड असला, तर कसोटीची रेघही फसवते. मशीनही वरचाच थर पाहतं. तपासायचं तर प्रत्येक नाणं, नमुना नव्हे, आणि सोनार आपल्या ओळखीचा हवा. नवं नाणं घ्याल, तर पेढीवरूनच आणि पक्कं बिल मागून. दारावर काही म्हणजे काही घेऊ नका.

परतताना गाडीत मावशी गप्पच होती. पेण आलं तशी म्हणाली, “पाटल्या गेल्या त्या गेल्या. पण वर्षभर घरात तोंड लपवून राहिले, ते जास्त जड झालं बघ.” त्याच संध्याकाळी तिने काकांपुढे पुरचुंडी सोडली. काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग उठून सदरा चढवला आणि म्हणाले, “चल, पोलिसांत वर्दी देऊन येऊ. उद्या दुसऱ्या कुणाच्या दारी जातील.”

तुमच्याही डब्यात अशी एखादी पुरचुंडी असेल, तर भगिनींनो, आजच बाहेर काढा. लाज फसवणाऱ्याने बाळगायची, आपण नाही.