वाकलेला सांगाडा

थोरल्या बंधूंच्या पश्चात त्यांची जावा मोटारसायकल आमच्याकडे आली, आणि पहिल्याच पावसाळ्यात परळला एका टॅक्सीने मागून ठोकर दिल्यामुळे तिच्या मागच्या सांगाड्याची उजवी नळी आत दबली. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्याने १९६१ साली आरंभलेले काम १९९६ साली थांबले. तेव्हा नवा सांगाडा कोठला? ऑपेरा हाउसकडे जुना मिळता. परंतु गाडीचा क्रमांक सांगाड्यावर कोरलेला असतो व नोंदणीपुस्तकात तोच लिहिलेला. सांगाडा बदलला, की टाकी, इंजिन बंधूंचे; गाडी मात्र सरकारदरबारी भलत्याचीच!

लालबागच्या मिस्त्रींनी हा युक्तिवाद शांतपणे ऐकला व सुतळी काढली. ती मागच्या चाकाला वेढून दोन्ही अंगांनी पुढे ताणली, तो चाके एका रेषेत निघाली. मग हँडलाच्या मानेपासून दोन्ही शॉकच्या वरच्या बोल्टांपर्यंत मापे घेतली. उजवे पाऊण बोट कमी भरले.

नळी तापवून लाल करावी, असे आम्ही सुचविले. (इंग्रजी शिकविणाऱ्याने हे सुचवावे, हे धारिष्टच!)

"नको साहेब, लाल केली की नरम पडते. जोडापाशी तर नकोच."

साखळी बांधून, जॅक लावून नळी थंडच ओढली. पोलाद ताण सोडताच थोडे मागे फिरते, म्हणून खुणेच्या किंचित पुढे. तिसऱ्या खेपेस मापे जुळली.

खोगिराखाली रंगाचा पोपडा उडून बंधूंनी स्वहस्ते दिलेला तांबडा रंग उघडा पडला होता. तो तसाच ठेवा, असे आम्ही सांगितले. "गंजेल," मिस्त्री म्हणाले. दर रविवारी तेलाचा बोळा फिरविण्याचे आम्ही कबूल केले.