घाटाखालची इंद्रायणी

मे महिन्यात आमच्या कोकणपट्टीतल्या नद्यांकडे पाहवत नाही. श्रावणात पूल ओलांडू न देणारी नदी वैशाखात नुसती धोंड्यांची रांग होऊन पडते आणि तिच्या पात्रात पोरे क्रिकेट खेळतात. आमच्या मोहोपाड्याची पाताळगंगा मात्र याला अपवाद आहे. उन्हाने माळ करपून गेला, विहिरींनी तळ दाखवला, तरी ही बाई आपली वाहतेच आहे! गावात राहणाऱ्यांना याचे काही वाटत नाही. रोजच्या आमटीला चव असते हे जसे पाहुणा सांगतो तेव्हा कळते, तसेच हे आहे.

आमच्याकडे पाहुण्या म्हणून आल्या होत्या सासूबाई. माहेर आळंदीजवळचे, गळ्यात तुळशीची माळ, आणि गुडघे कुरकुरू लागेपर्यंत आषाढीची वारी कधी चुकवलेली नाही. संध्याकाळी त्यांना नदीवर फिरायला नेले. त्या बराच वेळ पाण्याकडे पाहत राहिल्या आणि म्हणाल्या,

"जावईबापू, भर वैशाखात ही नदी कुणाचं पाणी आणते हो?"

"वरून, खोपोलीहून येतं, आई."

"आणि खोपोलीला कुठून येतं?"

मराठी शिकवणाऱ्या माणसाला भूगोलाचे प्रश्न विचारू नयेत. पण याचे उत्तर मला ठाऊक होते. म्हटले, "लोणावळ्याच्या तळ्यांतून. म्हणजे तसं पाहिलं तर इंद्रायणीचंच."

त्या एकदम थांबल्या. इंद्रायणी! जिच्या काठी ज्ञानोबांची समाधी, जिच्या डोहात तुकोबांची गाथा बुडाली आणि तरली म्हणतात, ती इंद्रायणी भीमेला मिळायची सोडून घाट उतरून इकडे कशाला येईल? जावई थट्टा करतो आहे असे त्यांना वाटले असावे. तेव्हा दुसऱ्या दिवशी सकाळीच, सौभाग्यवतींनी बांधून दिलेला दहीभात घेऊन, आम्ही दोघे खोपोलीला निघालो.

मोहोपाड्याहून दांड फाट्याला आले की जुना मुंबई-पुणे रस्ता लागतो. तिथपर्यंतचा सगळा मुलूख रसायनी या नावाने ओळखला जातो. हे नाव काही पुराणातले नव्हे. १९६० साली हिंदुस्तान ऑरगॅनिक केमिकल्स ही सरकारी कंपनी निघाली, तिचा कारखाना इथे उभा राहिला आणि रसायनांच्या गावाला रसायनी म्हणू लागले. मागाहून पाताळगंगेची औद्योगिक वसाहत वाढली; सूत, औषधे, कीटकनाशके, काय हवे ते होऊ लागले. अग्निबाणाच्या इंधनाबरोबर लागणारे नायट्रोजन टेट्रॉक्साइड याच गावात तयार होत असे, हे आमच्या विद्यार्थ्यांना सांगितले तर ते मी गोष्ट रचतो आहे असे समजतात. २०१७ साली सरकारने तो कारखाना बंद करण्याचा निर्णय घेतला. अग्निबाणाचे तेवढे काम अवकाश संशोधनवाल्यांकडे गेले. ज्या वसाहतीत एके काळी भोंग्यावर घड्याळे लावली जात, तिथल्या माणसांनी आपापल्या वाटा धरल्या. नाव मात्र राहिले.

चौक ओलांडताना डाव्या हाताला इर्शाळगडाचे सुळके दिसतात. २०२३ च्या जुलैत एका रात्री याच डोंगराची दरड इर्शाळवाडीवर आली आणि झोपलेली माणसे मातीखाली गेली. तेव्हापासून या सुळक्यांकडे पूर्वीसारखे मजेने पाहता येत नाही. आम्ही दोघेही काही न बोलता पुढे गेलो. याच बाजूला मोरबे धरण आहे. त्याचे पाणी नव्या मुंबईला जाते. खालापूर तालुक्याचा हा स्वभावच दिसतो. पाऊस आपला, डोंगर आपले, आणि पाणी पाहुण्यांचे!

खोपोलीच्या अलीकडे महडचा वरदविनायक आहे. अष्टविनायकांपैकी एक असल्यामुळे सासूबाईंना टाळून पुढे जाणे शक्यच नव्हते. ही मूर्ती १६९० च्या सुमारास तळ्यात सापडली आणि १७२५ साली सुभेदार रामजी महादेव बिवलकरांनी देऊळ बांधले, असे सांगतात. गाभाऱ्यातला नंदादीप १८९२ पासून अखंड तेवतो आहे. "इथला देवसुद्धा पाण्यातूनच आला म्हणायचा," असे म्हणून त्यांनी दूर्वा वाहिल्या.

आणि मग खोपोली. मुंबईकर आणि पुणेकर या दोघांनाही खोपोली ठाऊक असते, आणि दोघांनीही ती पाहिलेली नसते. गाडी गरम झाली म्हणून थांबायचे, घाट चढण्यापूर्वी चहा घ्यायचा, घाट उतरल्यावर पोटातली मळमळ जाईपर्यंत उभे राहायचे, बस्स. सत्तर हजारांवर वस्तीचे, नगरपरिषदेचे, पोलादाच्या आणि नळांच्या कारखान्यांचे हे शहर लोकांच्या लेखी एक थांबा आहे. या शहराचा सारा इतिहास पाहिला तर लोकांचा हा समज फारसा चुकीचा नाही, हेच त्यातले दुःख.

घाटाच्या तोंडाशी असणे ही खोपोलीची कुंडली. १६६१ च्या फेब्रुवारीत शाहिस्तेखानाचा सरदार कारतलबखान पुण्याकडून कोकणात उतरला, तो इथून जवळच उंबरखिंडीच्या रानात शिवाजीमहाराजांनी कोंडला. पुढे मागे डोंगर, प्यायला पाणी नाही. शेवटी खंडणी देऊन आणि सामानसुमान टाकून त्याला परत जावे लागले. पेशवाईत नाना फडणविसांनी बोरघाटाच्या पायथ्याशी महादेवाचे देऊळ आणि तळे बांधले. पुण्याहून उतरणाऱ्याला आणि पुण्याकडे चढणाऱ्याला, बैलांना आणि घोड्यांना, पाणी मिळावे हा त्यातला व्यवहार. नानांचे राजकारण कुणाला पटो न पटो. पण ज्याला वाटसरूच्या तहानेची आठवण राहते तो माणूस अगदीच कोरडा नसावा.

१८३० साली इंग्रजांनी बोरघाटातून गाडीरस्ता काढला. मग आली आगगाडी. १८५६ च्या मे महिन्यात ती खोपोलीपर्यंत पोचली आणि तिथेच थांबली, कारण पुढे डोंगर. इंग्रज खोपोलीला 'कॅम्पूली' म्हणत. गाडीतून उतरायचे आणि पालखी, मेणा, तट्टू, बैलगाडी, ज्याच्या खिशाला जे परवडेल ते करून खंडाळ्याला चढायचे. १८५८ पासून वर खंडाळ्याहून पुण्याची गाडी मिळू लागली. ती सात वर्षे म्हणजे खोपोलीचा सुवर्णकाळ असला पाहिजे. मुंबईहून पुण्याला जाणारा लाटसाहेब असो की भिक्षुक, त्याला इथे उतरावेच लागे. हमालांची, भोयांची, खानावळवाल्यांची केवढी चंगळ झाली असेल!

पण वर डोंगरात सुरुंग उडत होते. जेम्स बर्कले या इंजिनिअरने आखलेला घाटाचा मार्ग हजारो मजुरांनी फोडला. पटकीने आणि अपघातांनी माणसे अक्षरशः शेकड्यांनी गेली. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल काम हाती घेतल्यावर थोड्याच दिवसांत वारला, आणि त्याच्या पत्नीने, ॲलिसने, ते कंत्राट पुरे करवले. १८६३ च्या २१ एप्रिलला गाडी घाट चढली. ती पळसधरीहून परस्पर वर गेली आणि खोपोलीला जाणारा रूळ एका बाजूला पडला. तेव्हापासून कर्जत-खोपोली हा एक फाटा. आजही कर्जतहून लोकल येते ती केळवली, डोलवली, लौजी अशी लहान लहान स्टेशने घेत खोपोलीला पोचते आणि पुढे वाट नाही म्हणून परत फिरते.

या घाटाची वाट शिंग्रोबा नावाच्या धनगराने साहेबाला दाखवली, अशी इकडे आख्यायिका आहे. बक्षीस काय हवे असे विचारल्यावर त्याने आपल्या मुलखाचे स्वातंत्र्य मागितले आणि साहेबाने त्याला गोळी घातली. जुन्या रस्त्यावर घाटात त्याचे देऊळ आहे. ड्रायव्हर लोक तिथे नाणे टाकल्याशिवाय पुढे जात नाहीत. इतिहासाच्या प्राध्यापकांना ही गोष्ट दाखवली तर ते पुरावा मागतील. मला तिच्यात एवढेच खरे दिसते की वाट दाखवणारा मागे राहिला आणि वाटसरू पुढे गेले.

गावात शिरल्यावर मी सासूबाईंना डोंगराकडे बोट करून दाखवले. कड्यावरून खाली येणारे ते जाड नळ. वर लोणावळा, वळवण आणि शिरवटा ही तळी. जमशेटजी टाटांचे स्वप्न होते की घाटमाथ्यावर कोसळणारा पाऊस अडवावा, त्याला कोकणात उडी घ्यायला लावावी आणि त्या उडीची वीज करून मुंबईच्या गिरण्या चालवाव्यात. जमशेटजी १९०४ साली गेले. त्यांच्या मुलांनी, दोराबजींनी आणि रतनजींनी, १९१० मध्ये कंपनी काढली आणि १९१५ च्या फेब्रुवारीत खोपोलीची वीज सुरू झाली. पाण्याची उडी सव्वापाचशे मीटरच्या आसपास आहे. कोळशाच्या धुराने काळवंडलेल्या मुंबईत, इथून तारांवरून गेलेल्या विजेने गिरण्यांचे माग फिरू लागले. पाठोपाठ कर्जत तालुक्यात भिवपुरी आणि पुढे भिरा इथे तशीच केंद्रे झाली. भिऱ्यासाठी मुळशीचे धरण बांधताना मावळ्यांच्या जमिनी बुडाल्या आणि सेनापती बापटांचा सत्याग्रह झाला, ते आपण शाळेत वाचलेच आहे.

"म्हणजे पूर्वेला जाणारं पाणी यांनी उलटं वळवलं," सासूबाई म्हणाल्या. किती थोडक्यात सांगितले! देशावरून बंगालच्या उपसागराकडे जायचे ते पाणी अरबी समुद्राकडे निघाले. पंढरपूर-सोलापूरकडची माणसे अधूनमधून हिशेब मागतात की आमच्या भीमेचे पाणी कोकणात का सोडता? आणि इकडे पाताळगंगेच्या काठच्या गावांनी आणि कारखान्यांनी या पाण्यावर शंभर वर्षे संसार मांडला आहे. वीज करून झाली की हे पाणी पाताळगंगेत सोडतात. म्हणून मोहोपाड्याची नदी वैशाखात वाहते. बाजू दोन्ही खऱ्या, आणि पाणी एकच.

नानांच्या तळ्याकाठी, महादेवाच्या देवळाजवळ बसून आम्ही दहीभात खाल्ला. शेजारी एक म्हातारे गृहस्थ येऊन बसले. पोलादाच्या कारखान्यात जन्म काढलेले, कानाने जरा कमी. या गावात पाहण्यासारखे काय आहे, असे मी त्यांना विचारले.

"झेनिथचा धबधबा बघा की पावसाळ्यात," ते म्हणाले.

धबधबा काही झेनिथने बांधलेला नाही. शेजारी झेनिथचा नळांचा कारखाना म्हणून धबधब्याला ते नाव. देवाच्या धबधब्याला कारखान्याचे नाव देणारे गाव मी दुसरे पाहिलेले नाही, आणि मला त्यात काही वावगेही वाटले नाही. ज्याच्यावर चूल पेटली त्याचेच नाव जिभेवर यायचे. म्हाताऱ्यांच्या तीन मुलांपैकी दोन पुण्याला आणि एक पनवेलला. "हिते कोन ऱ्हातंय आता," असे म्हणाले खरे, पण तळ्यावरची त्यांची जागा दुसऱ्या कुणी घेतलेली त्यांना खपत नाही, हे त्यांनीच मघाशी एका पोराला उठवून दाखवले होते.

२००२ साली द्रुतगती मार्ग पुरा झाला आणि गाड्या खोपोलीच्या डोक्यावरून जाऊ लागल्या. आता तर घाटच टाळणारा नवा मार्ग बांधायला घेतला, त्याचे बोगदे लोणावळ्याच्या तळ्याखालून नेलेले आहेत. वर पाणी, त्याखाली मोटारी, आणि पायथ्याशी खोपोली. चहावाल्याला याविषयी विचारले तर तो कप विसळत म्हणाला, "आमच्या आजोबांनी पण हेच ऐकलं होतं, धंदा बुडणार म्हणून. बुडला नाही अजून."

निघताना सासूबाईंनी पिशवीतून पाण्याची रिकामी बाटली काढली. पुलाजवळ नदीला उतार होता तिथे मी उतरलो आणि भरून दिली. पाणी गार होते आणि स्वच्छ दिसत होते. खाली, कारखान्यांचे सांडपाणी मिसळल्यावर, याच नदीचे नाव प्रदूषित नद्यांच्या यादीत जाते. ते मी त्या वेळी बोललो नाही. परतताना मोहोपाड्याच्या पुलावर त्यांनी बाटली उजेडात धरली, खालच्या पाण्याकडे पाहिले आणि पिशवीत ठेवून दिली. माणूस म्हातारा झाला म्हणून त्याला दिसत नाही असे थोडेच आहे?

चार दिवसांनी त्या घरी गेल्या. बाटली इंद्रायणीत नेऊन ओतणार होत्या. घाटावरून फसवून नेलेली लेक माहेरी पोचवायची, असे जाताना हसून म्हणाल्या होत्या. पुढच्या एकादशीला त्यांचा फोन आला. मी पहिल्यांदा तेच विचारले.

"गेले होते हो आळंदीला," त्या म्हणाल्या. "पण घाटावर पाहिलं तर नदीभर पांढरा फेस. कापूस पिंजून टाकावा तसा. मग नाही ओतलं. परत आणलं आणि अंगणातल्या तुळशीला घातलं."