चकतीवरची चार अक्षरं

दसऱ्याच्या मुहूर्तावर घेतलेले कॅमेरे दिवाळीच्या तोंडावर माझ्या वर्गात येतात. गळ्यात कोरा पट्टा असतो, लेन्सचं झाकण काढणं-लावणं सारखं चालू असतं आणि पहिल्याच दिवशी तो ठरलेला प्रश्न येतो, "सर, ऑटोवरून एमवर कधी यायचं?" या प्रश्नात एक समजूत दडलेली आहे. ऑटो म्हणजे बालवाडी, पी म्हणजे पहिली आणि एम म्हणजे थेट बोर्डाची परीक्षा. मी वीस वर्षं लग्नं, नाटकं आणि वारी टिपतोय आणि त्यातला बराचसा काळ माझ्या कॅमेऱ्यावरची मोडची चकती 'ए'वर असते. हे ऐकून मुलांना धक्का बसतो, पण ते त्यांना पहिल्याच तासाला कळलेलं बरं.

चकतीवरचं प्रत्येक अक्षर कामाची वाटणी सांगतं. कोणता निर्णय तुमचा, कोणता कॅमेऱ्याचा. निर्णय तीनच असतात. लेन्सचं छिद्र, म्हणजे ॲपर्चर, किती उघडायचं. शटर किती वेळ उघडं ठेवायचं. आणि आयएसओ, म्हणजे उजेडाला सेन्सर किती दाद देतो तो आकडा, किती ठेवायचा. एफ/८ आणि १/२५० सेकंद, एफ/४ आणि १/१०००, किंवा एफ/१६ आणि १/६० या तिन्ही जोड्या सेन्सरवर जवळजवळ तेवढाच उजेड पाडतात. फोटो सारखेच उजळ येतील, पण फोटो मात्र तीन वेगळे येतील. एफ/४ला मागची गर्दी धूसर होईल, एफ/१६ला मागच्या दुकानाची पाटीही वाचता येईल. १/१०००ला उडालेला गुलाल हवेत थिजेल, १/६०ला त्याची रेघ ओढली जाईल. यातलं काय हवं, हे कॅमेऱ्याला कळायचा मार्ग नाही.

'पी'मध्ये छिद्र आणि शटर दोन्ही कॅमेरा ठरवतो. घाईच्या वेळी त्यात काही गैर नाही. 'ए'मध्ये, कॅननच्या कॅमेऱ्यावर 'एव्ही'मध्ये, छिद्र तुम्ही ठरवता आणि शटर तो. 'एस' किंवा 'टीव्ही'मध्ये याच्या उलट. 'एम'मध्ये दोन्ही तुमच्याकडे. ही वाटणी तशी जुनीच आहे. १९७८ सालच्या कॅनन ए-१ या फिल्मच्या कॅमेऱ्यात हे चारही पर्याय होते.

वाटणी चुकली तर काय होतं, ते वारीत नीट दिसतं. एका विद्यार्थ्याला मी रिंगण टिपायला पाठवलं होतं. आषाढातलं आभाळ, दाट ढग. तो 'ए'वर, एफ/८ आणि आयएसओ १००. तेवढ्या उजेडात कॅमेऱ्याने शटर १/६० निवडलं. कॅमेऱ्याचं गणित बरोबरच होतं, पण धावणारा अश्व प्रत्येक फोटोत पुसट पट्टा होऊन आला. दुसऱ्या वेळी तो 'एस'वर १/१००० लावून गेला, आयएसओ मात्र १००च राहिला. लेन्सचं छिद्र एफ/५.६च्या पुढे उघडत नव्हतं. छिद्राचा आकडा लुकलुकत राहिला, त्याचं लक्ष घोड्याकडे होतं आणि सगळे फोटो काळे आले. त्या उजेडात १/१००० आणि एफ/५.६ला आयएसओ ८०० हवा होता. आकडा लुकलुकायला लागला, की कॅमेरा सांगत असतो, 'माझ्या वाट्याचं काम मला झेपत नाही.' तेव्हा आयएसओ वाढवायचा, नाहीतर ऑटो आयएसओ चालू ठेवायचा.

मग 'एम' कधी? उजेड बदलत नाही तेव्हा. मंगल कार्यालयातल्या स्टेजवर दिवे एकदा लागले की तास-दोन तास तसेच असतात. पण 'ए'वर ठेवलेला कॅमेरा नवरीच्या गडद शालूकडे वळला की फोटो उजळ करतो आणि भटजींच्या पांढऱ्या सोवळ्याकडे वळला की काळवंडवतो. उजेड तोच, फोटो मात्र वेगवेगळे. अशा ठिकाणी एकदा मोजून घ्यायचं, 'एम'वर आकडे बसवायचे आणि मग फक्त माणसांकडे बघायचं. आतषबाजीलाही तसंच. कॅमेरा ट्रायपॉडवर, आयएसओ १००, एफ/११, शटर तीन-चार सेकंद आणि फोकस हाताने. उलट पालखी घाटातून जाताना ऊन-सावली मिनिटामिनिटाला बदलते. तिथे 'एम'चा हट्ट धरला तर आकडे फिरवण्यातच क्षण निघून जातो.

आता मला ज्याबद्दल सगळ्यात कळकळीने सांगायचंय, त्याकडे वळतो. 'एम'च्या मागे धावण्याआधी अधिक-उणे चिन्हाचं बटण शिका. त्याला एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन म्हणतात. कॅमेऱ्याच्या लाइट मीटरला पांढरं आणि काळं ओळखता येत नाही. समोरून येणारा उजेड सरासरी मध्यम करड्या रंगाइतका असणार, असं धरून तो चालतो. नवे मीटर चौकटीचे अनेक भाग करून मोजतात, तरी मूळ सवय तीच.

वारीच्या वाटेवरच्या दिवे घाटात पांढरे सदरे आणि पांढऱ्या टोप्यांनी चौकट भरून गेली, की मीटरला वाटतं उजेड फार झाला. तो कमी करतो. धुतलेले सदरे धुरकट होतात, टोपीखालचे चेहरे अंधारात जातात. वर्गातल्या एक निवृत्त शिक्षिका हाच फोटो घेऊन आल्या होत्या. मला म्हणाल्या, "आभाळ भरून आलं होतं ना सर, म्हणून असं आलं." मी म्हटलं, "काकू, आभाळाचा दोष नाही." खिडकीत एक पांढरा टॉवेल वाळत होता. तो त्यांना चौकटभर घ्यायला सांगितला. आधी शून्यावर, मग अधिक एकवर, मग अधिक दीडवर. पहिला टॉवेल राखाडी आला. अधिक एकला तो पांढरा झाला आणि विणकामाचे टाकेही दिसले. दीडला टाके पुसले गेले. त्यांनी तिन्ही फोटो पुन्हा पुन्हा मागे-पुढे करून पाहिले आणि म्हणाल्या, "म्हणजे पांढऱ्याला वाढवायचं!" हो, पांढऱ्याला वाढवायचं आणि काळ्याला कमी करायचं. मीटर नेमकं उलट करतो, म्हणून आपण त्याला सावरायचं. फक्त काम झालं की बटण शून्यावर आणायला विसरू नका. बऱ्याच कॅमेऱ्यांत ते आपोआप परत येत नाही.

यंदा वसुबारसेच्या संध्याकाळी हे करून बघा. चकती 'ए'वर ठेवा, एफ/५.६, आयएसओ ८००. कॅमेरा गच्चीच्या कठड्यावर नीट टेकवा आणि आकाशकंदील असा घ्या, की त्याच्या भोवती बरंचसं आभाळ राहील. पहिला फोटो शून्यावर. त्यात बहुधा कंदील पांढराफटक येईल, कारण आजूबाजूचा अंधार पाहून मीटरने शटर जास्त वेळ उघडं ठेवलेलं असतं. दुसरा उणे एकवर, तिसरा उणे दोनवर. कागदाचा रंग आणि आतल्या कामट्यांच्या सावल्या ज्या फोटोत दिसतील, त्याचे आकडे वहीत लिहून ठेवा. आभाळाचा तो गडद निळा रंग सूर्य मावळल्यावर वीस-पंचवीस मिनिटंच टिकतो, तेव्हा दारात पणत्या लावून झाल्या की लगेच गच्चीवर जा.